वाऱ्याची वाट: डेस्कटॉपच्या कॅबिनेटमधील पंख्यांची मांडणी

डेस्कटॉप संगणक सॉकेटमधून जेवढी वीज घेतो, तेवढी जवळजवळ सगळी अखेर उष्णता होऊन खोलीत येते. त्याने सोडवलेली गणितं, रंगवलेली दृश्यं, साठवलेले फोटो यांत ऊर्जा अडकून राहत नाही. चिपमधले ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना वीज खर्च करतात आणि तो खर्च उष्णतेच्या रूपात बाहेर पडतो. पत्रं टाइप करणारा, हिशेब ठेवणारा संगणक शंभर वॅटच्या आतच भागवतो. त्यातच मोठं ग्राफिक्स कार्ड बसवून खेळ खेळायला किंवा व्हिडिओ रेंडर करायला घेतला, की हाच आकडा ४००-५०० वॅटवर जातो. ही सगळी उष्णता नखाएवढ्या किंवा फार तर काडेपेटीएवढ्या दोन-तीन चिपांमधून निघते आणि ती निघाल्याबरोबर दूर नेली नाही, तर चिप स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करते. महागडा संगणक घेऊन त्याचा वेग अशा रीतीने वाया जाऊ देणं ही वाईट गोष्ट आहे, कारण ती बहुतेक वेळा टाळता येते.

ती टाळण्याचं साधन म्हणजे पंखे. पण पंख्याबद्दलची एक समजूत आधी दुरुस्त करायला हवी. पंखा कशालाही थंड करत नाही. तो फक्त हवा सरकवतो. थंड करण्याचं काम खोलीतली हवा करते: ती गरम धातूला स्पर्शून जाते, उष्णता उचलते आणि कॅबिनेटबाहेर निघून जाते. म्हणून कॅबिनेटमध्ये पंखे किती आहेत, यापेक्षा मोलाचा प्रश्न असा: बाहेरची ताजी हवा गरम भागांपर्यंत कोणत्या वाटेने पोचते आणि तापल्यावर कोणत्या वाटेने बाहेर पडते? या वाटेची दोन्ही टोकं मोकळी असतील, तर तीन पंखे पुरतात. एक टोक बंद असेल, तर सहाही पुरत नाहीत.

विदर्भात उन्हाळ्यात कूलर लावणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. कूलर कितीही मोठा असो, समोरचं दार किंवा खिडकी थोडी उघडी ठेवली नाही, तर खोली थंड होण्याऐवजी दमट आणि कोंदट होते. आत येणाऱ्या हवेला बाहेर जायची जागा लागते. कॅबिनेटचं शास्त्र या एका वाक्यावर उभं आहे. पुढचं सगळं त्याचा तपशील आहे.

किती हवा लागते?

हा अंदाजाचा विषय नाही. शाळेतल्या गणितात बसणारा आहे. एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.२ किलो असतं आणि तिचं तापमान एका अंशाने वाढवायला सुमारे १२०० ज्यूल ऊर्जा लागते. आपला संगणक ४०० वॅट, म्हणजे दर सेकंदाला ४०० ज्यूल उष्णता टाकतो असं धरू. बाहेर पडणारी हवा आत आलेल्या हवेपेक्षा फार तर १० अंशांनी गरम असावी, अशी आपली अट आहे. मग दर सेकंदाला ४०० भागिले १२,०००, म्हणजे सुमारे ०.०३३ घनमीटर, अर्थात ३३ लिटर हवा कॅबिनेटमधून गेली पाहिजे. मध्यम आकाराच्या कॅबिनेटचं पोट ४० ते ५० लिटरचं असतं. म्हणजे आतली सगळी हवा दीड सेकंदाच्या आत बदलली जायला हवी.

याच गणितात आणखी एक मोलाची गोष्ट दडलेली आहे. हवेचा प्रवाह ३३ लिटरवरून ६६ केला, तर हवेची तापमानवाढ १० वरून ५ अंशांवर येते. तो पुन्हा दुप्पट करून १३२ केला, तर ती अडीच अंशांवर येते. पहिल्या दुपटीने पाच अंश मिळाले, दुसऱ्या दुपटीने फक्त अडीच. म्हणून शून्यावरून दोन-तीन पंख्यांवर जाताना मोठा फरक दिसतो आणि सहावरून नऊवर जाताना तापमापकाचा आकडा जेमतेम हलतो. आवाज आणि खर्च मात्र वाढत राहतात.

पंखे कॅबिनेटमध्ये आले कसे

इंटेलचा ८०४८६ प्रोसेसर १९८९ साली आला, तेव्हा सुरुवातीच्या २५ मेगाहर्ट्झच्या चिपवर साधा हीटसिंकही (उष्णता हवेत सोडणारा पट्ट्यांचा धातूचा ठोकळा) लागत नसे. आतल्या हवेची काळजी एसएमपीएसमधला, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या खोक्यातला, एकुलता एक पंखा घेई. १९९३ च्या पेंटियमने साधारण १५ वॅटची मजल गाठली आणि प्रोसेसरच्या डोक्यावर हीटसिंक व त्यावर छोटासा पंखा ही जोडी रूढ झाली.

१९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स ही मदरबोर्ड आणि कॅबिनेटची मांडणी जाहीर केली. आजही बहुतेक डेस्कटॉप तिच्याच वंशातले आहेत. तिच्या मूळ कल्पनेत एसएमपीएसचा पंखा मागून हवा आत ओढून थेट प्रोसेसरवर सोडणार होता, म्हणजे प्रोसेसरसाठी वेगळा पंखा लागू नये. कल्पना नीटस होती, पण ती हवा एसएमपीएसच्या पोटातून येत असल्यामुळे आधीच कोमट झालेली असे आणि प्रोसेसर तर दिवसेंदिवस जास्त तापत चालले होते. पुढच्या आवृत्त्यांमध्ये ही दिशा उलटवली गेली. एसएमपीएस हवा बाहेर फेकू लागला आणि पुढून आत, मागून बाहेर ही आजची रीत पक्की झाली.

२००४ मध्ये पेंटियम ४ च्या ‘प्रेस्कॉट’ पिढीने ११५ वॅटपर्यंत मजल मारली. त्याच सुमारास इंटेलने बीटीएक्स नावाची नवी मांडणी बाजारात आणली. तिच्यात प्रोसेसर कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला सरकवला होता. ताजी हवा सर्वांत आधी त्याला मिळे आणि मग सरळ रेषेत बाकीच्या भागांवरून मागे जाई. वाऱ्याच्या वाटेला केंद्रस्थानी ठेवून आखलेली ही मांडणी होती. पण २००६ मध्ये इंटेलचाच कोअर २ ड्युओ हा ६५ वॅटचा प्रोसेसर आला. निकड ओसरली आणि इंटेलने बीटीएक्स बाजूला ठेवली. एटीएक्स टिकली.

त्यानंतर उष्णता पुन्हा चढू लागली, आणि यावेळी दोन ठिकाणी. २०२२ मध्ये आलेल्या एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० या ग्राफिक्स कार्डाची मर्यादा ४५० वॅट आहे. २०२३ च्या इंटेल कोअर आय ९-१४९००के या प्रोसेसरला कमाल भाराखाली २५३ वॅटपर्यंत मुभा आहे. १९९५ मध्ये आखलेल्या घरात आज त्या काळच्या कितीतरी पट उष्णता राहायला आली आहे. ग्राफिक्स कार्ड तर प्रोसेसरच्या खालीच बसतं आणि आपली गरम हवा त्याच्याकडे पाठवतं. पंख्यांच्या मांडणीला आज एवढं महत्त्व आलं, ते यामुळे.

प्रवाह आणि दाब

पंख्याच्या खोक्यावर दोन आकडे छापलेले असतात: प्रवाह आणि स्थिर दाब. नॉक्टुआ या ऑस्ट्रियन कंपनीचा एनएफ-ए१२x२५ हा १२० मिलिमीटरचा नामांकित पंखा घेऊ. मिनिटाला २००० फेऱ्यांवर त्याचा प्रवाह ताशी १०२ घनमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर आहे आणि स्थिर दाब २.३४ मिलिमीटर पाण्याएवढा. हे दोन्ही आकडे खरे आहेत, पण ते एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. कमाल प्रवाह मिळतो पंखा मोकळ्या हवेत, काहीही अडथळा नसताना. कमाल दाब मिळतो पंख्याचं तोंड पूर्ण बंद केल्यावर, म्हणजे प्रवाह शून्य असताना. प्रत्यक्ष कॅबिनेटमध्ये पंखा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी काम करतो आणि नेमकं कुठे, ते समोरचा अडथळा ठरवतो.

अडथळे अनेक असतात: पुढची जाळी, धुळीचा फिल्टर, हार्ड डिस्कचा पिंजरा, वायरींचे जुडगे, द्रव कूलर असेल तर त्याच्या रेडिएटरच्या दाट पट्ट्या. पुढच्या बाजूला सलग काच आणि कडेला बोटभर फट असलेलं कॅबिनेट दिसायला देखणं असतं, पण त्या फटीतून हवा ओढताना पंख्याची बरीचशी ताकद खर्ची पडते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा कुठल्याही संगणक बाजारात कॅबिनेट पाहताना आतल्या रंगीत दिव्यांकडे बघण्याआधी पुढच्या पॅनेलसमोर तळहात धरा आणि हवा नेमकी कुठून आत शिरणार आहे ते शोधा. सबंध पुढचा भाग जाळीचा असेल, तर अर्धी लढाई तिथेच जिंकली. जाळीमागच्या दोन साध्या पंख्यांना काचेमागचे तीन महागडे पंखे सहसा गाठू शकत नाहीत.

जिथे अडथळा कमी, उदाहरणार्थ मागची जाळी, तिथे जास्त प्रवाहाचा पंखा शोभतो. जिथे अडथळा जास्त, उदाहरणार्थ रेडिएटर, दाट फिल्टर किंवा प्रोसेसरवरचा हीटसिंक, तिथे जास्त दाबाचा पंखा लागतो. दोन पंखे शेजारी-शेजारी लावले की प्रवाह वाढतो. एकामागे एक लावले की दाब वाढतो. म्हणून दाट रेडिएटरच्या दोन्ही अंगांना, एकीकडून ढकलणारे आणि दुसरीकडून ओढणारे पंखे लावतात.

पंख्याचा वेग आणि आवाज यांचं नातंही समजून घेण्यासारखं आहे. वेग निम्मा केला तर प्रवाह निम्मा होतो, दाब चौथाई होतो, पंख्याला लागणारी वीज एक अष्टमांश होते आणि आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. सारख्या आवाजाचा दुसरा पंखा जोडल्याने आवाज वाढतो तो फक्त ३ डेसिबलने. त्यामुळे एक पंखा पूर्ण वेगाने पळवण्यापेक्षा दोन पंखे निम्म्या वेगाने फिरवले, तर हवा जवळजवळ तेवढीच सरकते आणि खोली कितीतरी शांत राहते. याच कारणाने ८० मिलिमीटरचे जुने किरकिरे पंखे मागे पडले आणि १२० व १४० मिलिमीटरचे संथ पंखे आले. मोठं पातं सावकाश फिरूनही तेवढीच हवा ढकलतं.

वाट आखताना

आता प्रत्यक्ष मांडणी. पंख्याची दिशा आधी ओळखा. सामान्य पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरून ठेवणारे दांडे असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. उघडी बाजू हवा आत ओढते. अनेक पंख्यांच्या चौकटीवर बाणही असतो. हल्ली देखाव्यासाठी उलट पात्यांचे पंखे मिळतात, म्हणून बाण बघूनच खात्री करा किंवा पंखा चालू करून कागदाची पट्टी समोर धरा.

मुख्य नियम एका ओळीचा आहे: पुढून आणि खालून आत, मागून आणि वरून बाहेर. तो पाळताना पंखे कोणत्या क्रमाने वाढवावेत, हे मात्र बारकाईने ठरवावं लागतं.

सुरुवात मागच्या एका पंख्याने करा. प्रोसेसरवरचा उभा कूलर, म्हणजे हीटसिंक आणि पंख्याची जोडी, हवा मागच्या दिशेने फेकतो. त्याच रेषेत लगेच मागे बाहेर काढणारा पंखा असला, की ती हवा आत घुटमळत नाही. त्यानंतर पुढे दोन पंखे आत ओढणारे. त्यांतला एक शक्य तितका खाली, ग्राफिक्स कार्डाच्या पातळीवर, आणि दुसरा प्रोसेसरच्या पातळीवर. बहुसंख्य संगणकांसाठी, अगदी ३००-४०० वॅटच्या यंत्रांसाठीही, पुढे दोन आणि मागे एक ही तिघांची मांडणी पुरेशी असते. घाई असेल त्याने एवढं केलं तरी चालेल.

चौथा पंखा लावायचाच असेल, तर तो छतावर, पण मागच्या कोपऱ्यात लावा. हा तपशील अनेकांकडून सुटतो. छताच्या पुढच्या भागात बाहेर काढणारा पंखा लावला, तर पुढून नुकतीच आत आलेली ताजी हवा प्रोसेसरच्या कूलरपर्यंत पोचण्याआधीच तो ती वर ओढून बाहेर फेकतो. हवा आत आली, बाहेरही गेली, पण मधे तिने काहीच उष्णता उचलली नाही. पंखे फिरताना दिसतात, आकडे मात्र सुधारत नाहीत. वाट म्हणजे नुसती दोन तोंडं नव्हेत. ती गरम भागांवरून गेली पाहिजे.

ग्राफिक्स कार्डाकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं. २०१६ च्या जीटीएक्स १०८० च्या मूळ कार्डात ब्लोअर होता: तो कॅबिनेटमधली हवा आत ओढून कार्डाच्या मागच्या जाळीतून थेट बाहेर फेकत असे. तो आवाज करी, पण आपली उष्णता बाहेर नेऊन टाकी. त्यानंतर दोन-तीन उघड्या पंख्यांची कार्डं रूढ झाली. ती स्वतः शांत आणि थंड राहतात, पण आपली बहुतेक उष्णता कॅबिनेटच्या पोटातच सोडतात. आरटीएक्स ४०९० सारखं कार्ड आत ४५० वॅट ओतत असेल, तर ती हवा बाहेर काढण्याची जबाबदारी पूर्णपणे कॅबिनेटच्या पंख्यांवर येते. अशा यंत्रात तळाला, कार्डाच्या बरोबर खाली, आत ओढणारे एक-दोन पंखे लावणं फार उपयोगी ठरतं, कारण ताजी हवा थेट कार्डाच्या तोंडाशी पोचते. त्यासाठी कॅबिनेट पायांवर पुरेसं उंच असलं पाहिजे.

एसएमपीएसची वाट मात्र वेगळी ठेवावी. आजच्या बहुतेक कॅबिनेटमध्ये तो तळाला, झाकणाखाली बसतो. खाली फिल्टरची जाळी असेल, तर त्याच्या पंख्याचं तोंड खाली करा: तो बाहेरची हवा घेईल आणि मागे सोडेल, बाकीच्या भागांशी त्याचा संबंध राहणार नाही. कॅबिनेट जाड गालिच्यावर ठेवलेलं असेल आणि खालची जाळी झाकली जात असेल, तर मात्र तोंड वर करणंच बरं.

वायरींबद्दल दोनच शब्द. त्या मदरबोर्डच्या पाठीमागून ओढून घ्या. पातळ वायरींनी प्रवाहात फार मोठा फरक पडत नाही, पण पुढच्या पंख्यासमोर लोंबणारा जाड जुडगा नक्की आड येतो आणि एखादी वायर पात्यात अडकली तर पंखाच थांबतो.

आत जास्त की बाहेर जास्त?

आत ओढणारे पंखे बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा जास्त हवा सरकवत असतील, तर कॅबिनेटमध्ये किंचित जास्त दाब तयार होतो. उलट असेल तर किंचित कमी. तापमानाच्या दृष्टीने दोन्हींत फार अंतर नसतं. धुळीच्या दृष्टीने मात्र मोठं अंतर असतं. आतला दाब कमी असला, की कॅबिनेटची प्रत्येक फट, प्रत्येक मोकळा स्लॉट, यूएसबीच्या तोंडाभोवतीची जागासुद्धा हवा आत ओढते, आणि तिथे फिल्टर नसतो. आतला दाब जास्त असला, की हवा फक्त फिल्टरमागच्या पंख्यांतून आत येते आणि फटींमधून बाहेर जाते.

आपल्याकडच्या धुळीत हा मुद्दा निर्णायक आहे. रस्त्याकडेच्या घरात, बांधकामाशेजारी किंवा मार्च ते मे महिन्यांतल्या कोरड्या वाऱ्यात महिनाभरात फिल्टरवर करडा थर बसतो. हीटसिंकच्या पट्ट्यांमध्ये धूळ साचली, की हवेला धातूपर्यंत पोचताच येत नाही आणि मग पंख्यांची कोणतीही मांडणी कामाची उरत नाही. म्हणून आत ओढणाऱ्यांचं पारडं थोडं जड ठेवा. पण एक लक्षात घ्या: पंखे मोजून दाब ठरत नाही. दाट फिल्टरमागचे पुढचे दोन पंखे आणि उघड्या जाळीवरचे मागचे-वरचे दोन पंखे बरोबरीचे दिसतात. प्रत्यक्षात फिल्टरमागचे कमी हवा आणतात. तेव्हा मागच्या पंख्यांचा वेग थोडा उतरवावा. आणि फिल्टर महिन्या-दोन महिन्यांनी धुऊन, पूर्ण वाळवून परत बसवावा. धूळ उडवणाऱ्या ब्लोअरने पंखे साफ करताना पातं बोटाने धरून ठेवावं, कारण हवेच्या झोताने ते बेफाम फिरलं तर बेअरिंग खराब होतं.

गरम हवा वर जाते, पण किती जोराने?

गरम हवा वर जाते, म्हणून वरून आत आणि खालून बाहेर अशी मांडणी चालणारच नाही, असं ठामपणे सांगितलं जातं. हे तपासून पाहू. कॅबिनेट ४५ सेंटिमीटर उंच आहे आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा १० अंशांनी गरम आहे. त्या फरकामुळे निर्माण होणारा वरच्या दिशेचा दाब येतो सुमारे ०.२ पास्कल. वर पाहिलेल्या पंख्याचा कमाल दाब आहे सुमारे २३ पास्कल. निम्म्या वेगावरही जवळजवळ ६. म्हणजे फिरता पंखा नैसर्गिक प्रवाहापेक्षा कित्येक पटींनी बलवान असतो आणि हवेला तो म्हणेल त्या दिशेने जावं लागतं.

मग खालून वर ही रीत का पाळायची? कारण ती कुणाच्या आड येत नाही, ताजी हवा ग्राफिक्स कार्डाला आधी मिळते, आणि पंखे अगदी संथ किंवा बंद असताना, हलक्या कामाच्या वेळी, तोच छोटा नैसर्गिक प्रवाह मदतीला येतो. पण एखाद्या लहान कॅबिनेटमध्ये जागेअभावी वरून हवा आत घ्यावी लागली, तर घाबरायचं कारण नाही. वाट सलग असली की पुरे.

द्रवाने थंड केलं तरी

प्रोसेसरसाठी पंप आणि रेडिएटर असलेला द्रव कूलर लावला, तरी हवेची गरज संपत नाही. द्रव उष्णता प्रोसेसरकडून रेडिएटरपर्यंत नेतो. पुढे ती हवेलाच द्यावी लागते. रेडिएटर पुढच्या बाजूला, आत येणाऱ्या हवेच्या तोंडाशी लावला, तर प्रोसेसरला सर्वांत थंड हवा मिळते, पण ग्राफिक्स कार्डाच्या वाट्याला तापलेली हवा येते. तो छतावर, बाहेर जाणाऱ्या हवेच्या तोंडाशी लावला, तर प्रोसेसर थोडा जास्त तापतो आणि ग्राफिक्स कार्ड निवांत राहतं. खेळ खेळणाऱ्याचा बहुतेक भार ग्राफिक्स कार्डावर असतो, म्हणून त्याच्यासाठी छताची जागा बरी. तासन्‌तास प्रोसेसरवर काम टाकणाऱ्याने पुढची जागा निवडावी. दोन्ही ठिकाणी एक पथ्य पाळायचं: पंप हा सगळ्या फेऱ्यातला सर्वांत उंच बिंदू असता कामा नये. द्रवात राहिलेले हवेचे बुडबुडे उंच जागी जमतात. ते रेडिएटरच्या वरच्या टोकाला जमले तर चालतं, पंपात जमले तर पंप खडखडतो आणि लवकर खराब होतो.

कॅबिनेटबाहेरची हवा

पंखे चिपचं तापमान खोलीच्या तापमानाखाली कधीच नेऊ शकत नाहीत. ते फक्त चिप आणि खोली यांतलं अंतर कमी करतात. एखादा प्रोसेसर भाराखाली खोलीपेक्षा ५० अंशांनी जास्त तापत असेल, तर नागपुरात डिसेंबरमधल्या २० अंशांच्या खोलीत तो ७० अंशांवर राहील, आणि मे महिन्यात दुपारी ४२ अंशांच्या खोलीत ९२ वर जाईल. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा ९५ अंशांची आहे. म्हणजे हिवाळ्यात निर्धास्त चालणारं यंत्र उन्हाळ्यात मर्यादेला टेकतं, आणि त्यात यंत्राचा काहीच दोष नसतो. यासाठी मांडणी तपासायची तर आपल्या गावच्या सर्वांत कडक दिवसांचा विचार करून तपासावी.

कॅबिनेट कुठे ठेवतो, हाही याच वाटेचा भाग आहे. आपल्याकडच्या लाकडी संगणक टेबलांना कॅबिनेटसाठी खालचा बंद कप्पा असतो. त्या कप्प्याला मागे फळी असेल, तर बाहेर फेकलेली गरम हवा फिरून पुढे येते आणि पुन्हा आत ओढली जाते. दर फेरीला ती थोडी अधिक गरम होते. मागची फळी काढून टाकणं हा हजारो रुपयांच्या पंख्यांपेक्षा मोठा उपाय ठरू शकतो. भिंतीपासून १०-१५ सेंटिमीटर अंतर ठेवा, पडद्याचा घोळ मागच्या जाळीवर येऊ देऊ नका, आणि धूळ जास्त असेल तर कॅबिनेट जमिनीवरून थोडं उचलून ठेवा.

आणि वाट मागच्या जाळीपाशीही संपत नाही. कॅबिनेटबाहेर पडलेली उष्णता खोलीतच राहते. एक टनाचा एसी साधारण ३५०० वॅट उष्णता बाहेर काढतो; ४५० वॅटवर चालणारा संगणक त्यातला आठवा हिस्सा एकटाच वापरतो. एसी नसेल तर खोलीची खिडकी उघडी ठेवणं हे कॅबिनेटला लावलेल्या पंख्याइतकंच खरं शीतन आहे.

तपासायचं कसं

मांडणी बरोबर आहे की नाही, हे डोळ्यांनी ठरवू नका. एचडब्ल्यूइन्फोसारखं मोफत सॉफ्टवेअर घ्या, नेहमीचा जड खेळ किंवा रेंडर अर्धा तास चालू द्या आणि तापमान स्थिरावल्यावर प्रोसेसर व ग्राफिक्स कार्डाचे आकडे लिहा. खोलीचं तापमानही लिहा आणि ते वजा करा. उरलेला फरक हाच तुलनेसाठी कामाचा. नाहीतर सोमवारचा गार दिवस आणि मंगळवारचा उकाडा यांत नव्या पंख्याचं श्रेय हरवून जाईल. एका वेळी एकच बदल करा.

सर्वांत उपयोगी चाचणी फुकट आहे. कॅबिनेटचा बाजूचा पत्रा किंवा काच काढा आणि तीच कसोटी पुन्हा घ्या. तापमान पाच-सात अंशांनी किंवा त्याहून जास्त उतरलं, तर दोष वाटेत आहे: हवा आत येत नाही किंवा बाहेर पडत नाही. फारसं उतरलं नाही, तर वाट ठीक आहे आणि दोष हीटसिंकच्या बसवणुकीत, वाळलेल्या थर्मल पेस्टमध्ये किंवा खुद्द कूलरच्या क्षमतेत आहे; तिथे आणखी पंखे लावून उपयोग नाही. वाट नेमकी कुठे अडते ते पाहायचं असेल, तर पत्रा बसवून उदबत्तीचा धूर पुढच्या जाळीजवळ, मग फटींजवळ सावकाश फिरवा. तो कुठे आत ओढला जातो आणि कुठे परत ढकलला जातो, ते लगेच कळतं.

शेवटचं काम वेगाचं. चार पिनांचे पंखे मदरबोर्डच्या बायोसमधून तापमानानुसार सावकाश वर-खाली होऊ द्या. प्रोसेसरचं तापमान क्षणाक्षणाला उड्या मारतं, म्हणून प्रतिसादाला काही सेकंदांचा विलंब द्या, नाहीतर पंखे दर मिनिटाला घोंघावतील आणि शांत होतील. ज्या वेगानंतर तापमान आणखी दोन अंशांनीही उतरत नाही, तिथे कमाल मर्यादा घाला.

एवढं सगळं लक्षात राहिलं नाही, तरी क्रम लक्षात ठेवावा. आधी धूळ काढा. मग कॅबिनेटला मोकळ्या जागी ठेवा. मग असलेल्या पंख्यांच्या दिशा आणि जागा तपासा. मग वेग जुळवा. आणि यानंतरही आकडे वर राहिले, तरच नवा पंखा विकत घ्या. तोपर्यंत तो नेमका कुठे लावायचा हे तुम्हाला ठाऊक झालेलं असेल.